दहा-अकराचा पाना

मेकॅनिकलची पदवी घेऊन सतरा वर्षं झाली होती, आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडे, रात्री पावणेअकरा वाजता, मला स्वतःच्या गाडीच्या चाकाचा नट सोडवता येत नव्हता. साताऱ्याचं लग्न उरकून येत होतो. गाडीत बायको, आई, मागे आडवा झालेला मुलगा. डावं मागचं चाक बसलेलं. स्टेपनी काढली, जॅक काढला, गाडीबरोबर मिळालेला एल आकाराचा पाना नटावर बसवला आणि तिथंच गाडं अडलं. महिन्याभरापूर्वी टायरच्या दुकानातल्या पोरानं हवेच्या गननं ‘टर्रर्र’ करून नट आवळले होते. त्या टर्रर्रचा अर्थ मला आत्ता कळत होता.

शेवटी पान्यावर उभा राहिलो. माझं वजन अडुसष्ट किलो, पान्याचा दांडा जेमतेम पाव मीटर. गणित मला येत होतं. साधारण १६५ न्यूटन-मीटर झाले. गाडीच्या पुस्तिकेत या नटांना ८५ दिलेत. म्हणजे हव्या त्या जोराच्या जवळजवळ दुप्पट लावूनही नट ढिम्म. हायवेच्या कडेला अंधारात, एका पायावर तोल सांभाळत मी हे गणित बिनचूक केलं, आणि नट होता तिथंच राहिला.

पुढे ढाब्यावर थांबलेल्या ट्रकचा क्लीनर हे सगळं बघत होता. बिडी संपवून तो आला, येताना लोखंडी पाईपचा एक तुकडा घेऊन आला. “दादा, सरका.” पाईप पान्याच्या दांड्यावर चढवला आणि दोन्ही हातांनी दाबला. ‘कट्’ असा आवाज आला. मला वाटलं, नट तुटला. सुटला होता. चारही नट मिनिटभरात मोकळे. पैसे घेतले नाहीत त्यानं. “पाईप ठेवत जा गाडीत,” एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी मी भंगारवाल्याकडून दोन फुटी जीआय पाईप किलोच्या भावानं घेतला. माझ्या हत्यारांमधली ही पहिली खरेदी.

हत्यारं हा शब्द मला आवडतो. शेतकऱ्याची असतात ती अवजारं, पण सुताराची, गवंड्याची, फिटरची असतात ती हत्यारं. ‘टूल्स’ म्हटलं की दुकानातली चकचकीत पेटी डोळ्यांपुढे येते. हत्यारं म्हटलं की कुणाचा तरी हात दिसतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आमच्या हाताला हत्यार लागलं ते पहिल्या वर्षीच्या वर्कशॉपमध्ये. फिटिंगच्या जॉबला लोखंडाचे दोन चौकोनी तुकडे कानसून एकमेकांत बसवायचे, एकाला टोक, दुसऱ्याला खाच. माझं टोक माझ्या खाचेत कधीच बसलं नाही. मग सगळे करायचे तेच मी केलं. आधीच्या बॅचच्या एका मुलाचा जॉब चहाच्या बोलीवर मिळवला, पॉलिश पेपरनं त्याचा रोल नंबर घासला, माझा ठोकला आणि पास झालो. मग हिंजवडी. तिथं काय घट्ट करायचं असतं, तर डेडलाइन.

पाईप आल्यावर मला जोर चढला. ऑनलाइन सेल चालू होता. १०८ नगांची पेटी मागवली. जपमाळेचे मणी असावेत तसे १०८. प्लॅस्टिकच्या सुटकेसमध्ये प्रत्येक नगाला आपापला खळगा. त्यातले साठेक नग म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची बोटभर टोकं होती हे पेटी उघडल्यावर कळलं, आणि ती टोकं पिठाची आहेत हे वापरल्यावर. पण दिसायला झकास. मी ती पेटी दोन दिवस हॉलमध्ये टीपॉयवर ठेवली होती, हे कबूल करतो.

आता जे सांगायचंय ते त्या पेटीतल्या रॅचेटनं (टोकाला सॉकेट लावून बोल्ट फिरवायचा दांडा) केलं. म्हणजे मी केलं, रॅचेटनं मदत केली.

माझी वॅगनआर २०११ची, तीन सिलिंडरची. म्हणजे तीन स्पार्क प्लग. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल, आणि प्रत्येक कॉइल एका छोट्या बोल्टनं इंजिनला धरलेली. बोल्टचं डोकं दहाचं, म्हणजे दहा मिलिमीटरचं. व्हिडिओ बघून शनिवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम काढलं. प्लग काढायला सोळाची लांब गोटी लागते. गोटी म्हणजे सॉकेट, डोक्यावर बसणारी पोकळ नळी. गॅरेजमध्ये कुणी सॉकेट म्हणत नाही, तुम्ही म्हणालात तर दर वाढतो. या गोटीच्या पोटात रबराची कडी असते, ती प्लगला धरून ठेवते, नाहीतर प्लग विहिरीत पडल्यासारखा खालीच राहतो. तिन्ही जुने प्लग निघाले. नवे आधी हातानं, नुसत्या बोटांनी फिरवून बसवले. इथपर्यंत सगळं इतकं सुरळीत झालं की मी शीळ घालत होतो.

मग कॉइलचे बोल्ट. पहिला आवळला. दुसरा आवळला. तिसऱ्याच्या वेळी मनात आलं, इंजिन आहे, थरथरतं, सैल नको राहायला. लांब रॅचेटला अजून एक झटका दिला. आवाज फार मोठा नव्हता, बोटं मोडताना येतो तेवढाच. रॅचेट एकदम हलका झाला. गोटी उलटी केली तर तळहातावर बोल्टचं डोकं पडलं. धड इंजिनात.

घाम फुटणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. इंजिनचं डोकं अॅल्युमिनियमचं. त्यात अडकलेला बोल्ट ड्रिलनं काढायचा, नवे आटे पाडायचे, जमलं नाही तर हेड उतरवायचं, हे सगळं मी एका मिनिटात मनात करून मोकळा झालो. बायकोला काय सांगायचं तेही ठरवलं.

“काय तुटलं?”

खालच्या मजल्यावरचे काका. दुधाची पिशवी हातात, पायात स्लीपर. पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, एवढं मला माहीत होतं. आमचं बोलणं तोपर्यंत पाण्याचा टँकर आणि पार्किंगची जागा यापुढे गेलं नव्हतं. मी मूठ उघडून डोकं दाखवलं. त्यांनी ते उचललं, तुटलेली बाजू उजेडाकडे धरून बघितली.

“डोकं दहाचं आणि अंग सहाचं. करंगळीएवढाही नाही हा. किती जोर लावलास?”

“थोडासाच, काका.”

“कुणाच्या मापानं थोडासा?”

ते वर गेले, दूध ठेवून खाली आले ते कॅनव्हासची एक गुंडाळी काखेत मारून. मी टॉर्च धरला. त्यांनी आधी कॉइल हळूच डावी-उजवी हलवून वर ओढून घेतली. तिच्या कानाची जाडी निघून गेली, आणि खाली बोल्टचं थोटूक अर्धा-पाऊण सेंटिमीटर उभं दिसलं. नोज प्लायरच्या टोकानं त्यांनी ते धरलं आणि फिरवलं. हललं. आणखी अर्धा आटा. मग प्लायर बाजूला ठेवून चिमटीनं फिरवत, बाटलीचं झाकण काढावं तसं काढून माझ्या हातावर ठेवलं.

माझं तोंड बघून हसले. “अरे, डोकं होतं तोवर त्याला ओढ होती. डोकं गेलं, ओढ संपली. आता तो नुसता आट्यात बसलेला असतो, त्याला कुणी धरलेलं नसतं. गंजून अडकलेला तुटला असता तर मात्र तुझी दिवाळी होती.”

बोल्ट म्हणजे एक ताणलेली स्प्रिंग असते, आपण आवळतो म्हणजे त्याला लांब करतो आणि तो परत आखूड व्हायला बघतो म्हणून दोन वस्तू एकमेकींना धरून राहतात, हे मला हूकच्या नियमासकट येत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण या स्प्रिंगचा तुटायच्या आधीचा स्पर्श कसा असतो, ते मला कुणी विचारलं नव्हतं.

काकांनी गुंडाळी बॉनेटच्या कडेला पसरली. शिवलेल्या कप्प्यांतून पाने डावीकडून उजवीकडे लांब होत गेलेले. सहा-सातचा बोटाएवढा. आठ-नऊ. दहा-अकरा वीतभरही नाही. बारा-तेरा, चौदा-पंधरा, असं करत वीस-बावीसचा मनगटापासून कोपरापर्यंत. काहींचे आकडे झिजून गेलेले. “ही लांबी काय शोभेसाठी ठेवली असंल का?” त्यांनी दहा-अकराचा उचलून माझ्या हातात दिला. “आवळ बघू हवेत. जास्त जोर लावता येतो का? नाही येत. पाना करणाऱ्यानंच तुझा हात बांधून ठेवलाय. तू हातभर रॅचेट लावलास, मग त्या बोल्टानं जायचं कुठं?”

मी मान डोलावली. पाईपबद्दल काही बोललो नाही.

“दहाला मनगट,” ते म्हणाले. “चौदाला कोपर. चाकाला खांदा. दहाच्या बोल्टाला कोपर आलं की समज, तुटला.”

नवा बोल्ट मी नाना पेठेतून आणला, अगदी किरकोळ किमतीचा. दुकानदारानं एका बोल्टासाठी बिल हवं का विचारलं, तेव्हा गंमत करतोय की खरंच विचारतोय हे कळलं नाही.

त्यानंतर मी हत्यारं घेतली ती काकांच्या सांगण्यावरून, आणि त्यांची अट एकच होती. आधी बोल्ट दिसायला हवा, मग पाना. “लागेल म्हणून घेऊ नको. लागलं की घे.” या हिशेबानं मला दोन वर्षं लागली. सुरुवात बोहरी आळीतून झाली, कारण पुण्यात लोखंडाचं काहीही घ्यायचं तर माणूस रविवार पेठेतच जातो. तिथल्या दुकानात ‘स्पॅनर सेट’ म्हणालो तर समोरच्यानं न बघता विचारलं, “फिक्स का रिंग?” काकांनी पढवून पाठवलं होतं. दोन्ही. फिक्स म्हणजे उघड्या तोंडाचा, तो नटाच्या दोनच बाजू धरतो. झटपट आत घालता येतो, पण जोर लावला तर कोपरे खातो. रिंग नटाला सगळीकडून कवेत घेते. म्हणून पहिली सोडवण आणि शेवटची आवळण रिंगनं, मधलं भराभर फिरवणं फिक्सनं.

आठ-आठ पान्यांचे टपारियाचे दोन संच घेतले. नाशिकच्या सातपूरची कंपनी. १९६९मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं यांनी हत्यारं बनवायला घेतली. स्वीडनचा आणि पान्याचा संबंध तसा जुना. योहान पेटर योहानसन या स्वीडिश माणसानं १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला, आपण ज्याला स्क्रू पाना म्हणतो, तो अंगठ्यानं तोंड लहानमोठं करता येणारा पाना आजच्या रूपात आणला. नटांची मापं सारखी नसल्यानं दर वेळी वेगळा पाना लागतो याला कंटाळून. कल्पना म्हणून थोरच. काकांना मात्र तो दृष्टीला पडलेला चालत नाही. “तो नळवाल्याचा. गाडीला लावलास तर मी येणार नाही बघायला.” स्क्रू पान्याचं तोंड वापरता वापरता हळूच सैल होतं आणि नटाचे कोपरे गोल करतं, हे त्यांचं म्हणणं. एकदा लपून वापरून बघितलं. खरं आहे.

आठ पान्यांना सोळा तोंडं. त्यातली माझ्या गाडीला लागतात चार-पाच. मारुतीची सगळी वंशावळ सुझुकीची, म्हणजे जपानी, आणि जपान्यांना दहा, बारा, चौदा, सतरा या मापांचं वेड. त्यामुळे माझ्या दहा-अकराच्या पान्याची दहाची बाजू घासून पांढरी पडलीय आणि अकराची अजून नवी कोरी आहे. बारा-तेराचं तसंच. तेराची बाजू फक्त एकदा वापरली गेली, शेजारच्या विंगमधले गृहस्थ चाकणला बनलेली त्यांची जर्मन गाडी घेऊन अडकले तेव्हा. जर्मनांना तेरा लागतो. एकाच पान्याच्या दोन तोंडांना दोन देश, आणि मधे नाशिकचं लोखंड.

जुन्या बाजाराचा किस्सा सांगायलाच हवा. मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरतो तो. ताडपत्रीवर ढिगानं पाने, पकडी, गोट्या, हातोड्यांची नुसती डोकी, कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्याच्या शिक्क्याची वर्नियर. पहिल्यांदा गेलो तेव्हा एक रिंग पाना हाताला असा बसला की खाली ठेववेना. घडवलेलं जड लोखंड, मधे थोडं वाकवलेलं, कडा कुणाच्या तरी हातानं गुळगुळीत झालेल्या. बाराच्या बोल्टाला लावायचा म्हणून घेतला. घासाघीस करून साठ रुपये. घरी येऊन बोल्टावर ठेवला तर डुगडुगायला लागला. घासलेटनं पुसला तेव्हा आकडा उमटला, १/२. अर्धा इंच. इंचाचं माप, जुन्या अँबेसिडरच्या काळातलं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. बाराच्या डोक्यावर पाऊण मिलिमीटरची मोकळीक, म्हणजे जोर लावला की डोकं गोल. काकांना दाखवला. त्यांनी पुन्हा पुन्हा हातात तोलला. “चार सुती,” म्हणाले. इंचाचे आठ सूत, त्यातले चार. त्यांच्या पिढीत मापं सुतात मोजत. “याचा बोल्ट आता कुठं मिळायचा?” मी तो त्यांना देऊ केला. नको म्हणाले, पण खाली ठेवायला बराच वेळ घेतला. आता तो माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतो.

गाडीखाली जायचं म्हटलं तेव्हा काका पहिल्यांदा चिडले. ऑइल बदलायचं होतं. मी गाडीचा तोच कात्री जॅक लावून, शेजारी विटांची चळत रचून, खाली सरकायच्या बेतात होतो. त्यांनी माझा पाय धरून मला बाहेर ओढलं. अक्षरशः. बोलले काहीच नाहीत. विटांच्या चळतीतली एक वीट उचलली आणि फरशीवर टाकली. तिचे तीन तुकडे झाले. मग तेच म्हणाले, “जॅक उचलायला असतो. धरायला घोडी असते.” घोडी म्हणजे तीन-चार पायांचा लोखंडी स्टँड, खाचेत खीळ घालून उंची पक्की करायचा. जोडी घेतली. चाकांना विटांचा अडसर लावायला हरकत नाही, काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवून ठेवायचं, आणि आत जाण्याआधी गाडीला खांद्यानं एक धक्का देऊन बघायचा. सगळ्या खरेदीत हीच एक वस्तू अशी की जिच्याबाबत ‘लागलं की घे’ हा नियम काकांनी स्वतः मोडला. जिला कधी लागू नये म्हणूनच घ्यायचं ती ही.

ऑइल बदलण्यात बाकी विशेष नाही. तीनेक लिटर काळं तेल जुन्या टबात घ्यायचं, फिल्टर बदलायचा, ड्रेन प्लगला नवा वॉशर. निघालेलं तेल गटारात सोडायचं नाही, ते कॅनमध्ये भरून नाक्यावरच्या गॅरेजच्या पिंपात नेऊन ओततो. गॅरेजवाला पहिल्यांदा माझ्याकडे असा बघत होता जणू मी त्याच्या दारात दुसऱ्याच्या सलूनमधले केस आणून टाकतोय. फरशीवर वाटीएवढा डाग पडला म्हणून सोसायटीच्या फळ्यावर आठवडाभर सूचना होती. नाव नव्हतं, पण पार्किंगचा नंबर होता.

बॅटरीची गोष्ट मात्र मी ज्याला त्याला सांगतो. थंडीत एका सकाळी गाडी नुसती ‘टिक टिक’ करून गप्प झाली. बोलावलेल्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून, हात न लावता, निकाल दिला की बॅटरी गेली, नवी टाका. त्या आधीच्या आठवड्यात मी तपकीर गल्लीतून एक साधा पिवळा मल्टिमीटर घेतला होता, घरातल्या इन्व्हर्टरसाठी. मेकॅनिकला “बघतो” म्हणून वाटेला लावलं आणि मीटरची दोन टोकं बॅटरीच्या दोन खुंट्यांना लावली. १२.५. भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी. म्हणजे ही पेशंट मुळीच नव्हती. मग एक टोक खुंटीवर आणि दुसरं त्याच खुंटीला आवळलेल्या वायरच्या कडीवर लावून बायकोला चावी फिरवायला सांगितली. एकाच जागी टेकलेल्या दोन वस्तू, मीटरनं जवळजवळ शून्य दाखवायला हवं. आकडा उडी मारून दोन व्होल्टच्या पुढे गेला. खुंटी आणि कडी यांच्या मधे पांढरट-हिरवी पूड साचून बसली होती, वीज तिथंच अडत होती. दहाचा पाना, आधी वजा सोडवायचा, मग अधिक. गरम पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश. पूड फसफसत विरघळली, खाली शिशाचा करडा रंग निघाला. कोरडं करून आधी अधिक, मग वजा. चावी फिरवली.

त्या आवाजानं मला जो आनंद झाला तो पहिल्या पगारानंही झाला नव्हता. स्वयंपाकघरातला सोडा संपवल्याबद्दल त्याच संध्याकाळी ढोकळा रद्द झाला. चालायचंच.

पैशाचा हिशेब कुणीतरी विचारतंच. वहीत लिहिलाय. दोन वर्षांत हत्यारांवर अकरा हजारांच्या वर गेले. मजुरीचे वाचले, फार ताणून, सहा. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी मेकॅनिक असतो आणि त्याच्या हाताखालचा पोरगा माझ्या एका शनिवारचं काम चहा गार व्हायच्या आत करतो. बाहेरच्या देशांत लोक मजुरी परवडत नाही म्हणून स्वतः करतात. पुण्यात हे कारण चालत नाही. वॉचमननं तर सुरुवातीला दर वेळी विचारलं, “साहेब, मेकॅनिकला बोलवू का?” त्यात मदत कमी आणि संकोच जास्त होता, जणू मी काहीतरी बघू नये असं करतोय. आई एकदाच बोलली, “एवढं शिकून शेवटी हात काळेच?” मी हातावर साखर आणि भांड्याचा साबण घेऊन चोळत होतो. असं केलं की ऑइल सुटतं. “आता पांढरे होतील,” म्हटलं. तिला ते आवडलं नाही.

मला तिचं म्हणणं कळतं. आमच्या घरात हात काळे न होणं हीच दोन पिढ्यांची कमाई होती. आजोबा मिलमध्ये होते. वडिलांनी कारकुनी मिळवली, मला इंजिनिअर केलं, आणि इंजिनिअर म्हणजे हाताखाली फिटर असलेला माणूस. ज्याचे हात काळे, त्याच्याच हाताला कळतं, हे त्या मांडणीत कुठं बसवायचं ते आम्हाला कुणालाच कधी सुचलं नाही. काकांचा मुलगा बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला पान्यांची गुंडाळी नकोय. काकांनी हे एकदा सांगितलं, तक्रार म्हणून नाही. सांगताना ते चौदा-पंधराचं तोंड कानशीनं घासत होते.

गेल्या खंडेनवमीला मी पहिल्यांदाच घरात हत्यारांची पूजा मांडली. एरवी आमच्याकडे लॅपटॉपवर फूल ठेवायची पद्धत. पाटावर आठ फिक्स, आठ रिंग, नोज प्लायर, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, प्लगची गोटी, पिवळा मीटर. १०८ नगांच्या पेटीतला एकही नग नव्हता, ती पेटी आता मुलाच्या सायकलची. पाईपही ठेवला. काका आले, हळदकुंकू वाहिलं, पाईपकडे बघून भुवया उंचावल्या.

“सोडवायला, काका. आवळायला नाही.”

“मग असू दे,” म्हणाले.

त्यांच्याशी माझं अजून एका बाबतीत जमत नाही. मी टॉर्क रेंच घेतला. हव्या त्या आकड्यावर मूठ फिरवून ठेवायची, तेवढा जोर झाला की आतून ‘क्लिक’ होतं. वापरून झालं की मूठ परत सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग बिघडते. काका त्याला खुळखुळा म्हणतात. एकदा पैज लागली. त्यांनी एका चाकाचे चारही नट एल पान्यानं, खांद्याच्या मापानं आवळले, समोरासमोरचे, जसे आवळायचे तसे. मी रेंच ८५वर ठेवून तपासले. पहिला, क्लिक, हलला नाही. दुसरा, क्लिक, हलला नाही. तिसरा किंचित हलला, मग क्लिक. चौथा, क्लिक. काका तिसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “त्या वेळी फोन वाजला होता.” खरंच वाजला होता.

माझा हात अजून तेवढा शहाणा नाही, म्हणून रेंच लागतो.

मागच्या महिन्यात नवे टायर घालायला त्याच दुकानात गेलो. तोच पोरगा, आता मिशी फुटलेली. गन उचलली तेव्हा म्हटलं, “नुसते हातानं टेकव. आवळतो मी.” त्यानं मालकाकडे बघितलं. मालकानं खांदे उडवले. मी डिकीतून रेंच काढला, ८५वर आणला आणि एकामागून एक नट आवळले. क्लिक, क्लिक. पोरगा वाकून ऐकत होता.

“मी बघू, सर?”

दिला. त्यानं गनच्या सवयीनं दोन्ही हातांत गच्च धरून ओढला, क्लिक झालं तरी ओढतच राहिला. “ऐकू आलं की थांबायचं,” म्हटलं. पुढच्या नटाला त्यानं कान अगदी जवळ नेला, हळूहळू ओढलं, क्लिक झाल्या झाल्या हात सोडला आणि हसला. मग रेंच उलटासुलटा करून बघितला.

“केवढ्याला घेतला?”

सांगितलं.

“फक्त आवाजासाठी?” असं म्हणून त्यानं रेंच परत दिला, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या गाडीचं चाक काढायला गन उचलली.